दाभणाने टोचलेलं आकाश: जुन्या तारापटांवरून कार्डं बनवायच्या कामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४

दिवाळीच्या सुट्टीत एकदाचं हे काम हातात घेतलं. कल्पना अशी की १८२४ च्या सुमारास लंडनमध्ये 'युरेनियाज मिरर' नावाचा कार्डांचा एक डबा विकायला आला होता, त्यात ३२ कार्डं, प्रत्येकावर तारकासमूहांची चित्रं, हाताने रंगवलेली, आणि ताऱ्यांच्या जागी खरीखुरी भोकं. कार्ड दिव्यासमोर धरलं की अस्वल, सिंह, राजा, राणी अंधारात जातात आणि नुसते तारे उरतात, तेही कमीजास्त तेजाचे कारण भोकं लहानमोठी आहेत. म्हणजे चित्र आणि आकाश एकाच कागदावर. हे बघितल्यापासून डोक्यातून जात नव्हतं.

आम्ही तालुक्याच्या शाळेत आकाशदर्शन घेतो तिथे मुलं लेझर पॉइंटर बघून "हो हो" म्हणतात आणि पाच मिनिटांनी सगळं विसरलेली असतात. त्यांच्या हातात असं कार्ड द्यायचं. बारा कार्डांचा संच करायचाय. त्यातली निम्मी आजही नकाशावर असलेल्या समूहांची आणि निम्मी जी एके काळी होती आणि नंतर काढून टाकली गेली त्यांची. हरवलेल्यांवर माझा जास्त जीव आहे हे आत्ताच लिहून ठेवतो.

त्या डब्याच्या जाहिरातीत चित्रं एका बाईंनी काढली असं म्हटलं होतं, नाव नाही. तब्बल १७० वर्षांनी, १९९४ मध्ये, रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे ग्रंथपाल पीटर हिंग्ली यांना जुन्या कागदांत सदस्यत्वाचा एक प्रस्ताव सापडला त्यात लिहिलेलं की हे काम इंग्लंडमधल्या रग्बी शाळेतले मास्तर रेव्हरंड रिचर्ड ब्लॉक्सम यांचं. मास्तरच निघाले, हे मला फार आवडलं.

९ नोव्हेंबर

स्कॅन गोळा करण्यात आठवडा गेला. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर युरेनियाज मिररची सगळी कार्डं फुकट मिळतात, रिझोल्यूशन पण चांगलं. त्याशिवाय बायरचा १६०३ चा 'युरेनोमेट्रिया', हेवेलियसचा अ‍ॅटलास, इंग्रज खगोलशास्त्रज्ञ फ्लॅमस्टीडचा १७२९ चा आणि जर्मन बोडेचा १८०१ चा 'युरेनोग्राफिया' असे चार जुने तारा-अ‍ॅटलास समोर ठेवलेत. बोडेची पानं झूम करून बघताना तासन् तास जातात, २० मोठाले नकाशे, १७,२४० तारे आणि शंभराच्या वर आकृत्या, इतकी गर्दी की एकाच्या शेपटीवर दुसऱ्याचा पाय.

आज एक गोष्ट नीट कळली आणि ती या सगळ्या कामाचा कणा आहे असं वाटतं. आपण समजतो की तारे आधी मांडले आणि मग नटवायला चित्रं काढली. तसं नाहीये. टॉलेमी या अलेक्झांड्रियाच्या खगोलशास्त्रज्ञाने इसवी सन १५० च्या सुमारास हजारावर ताऱ्यांची यादी केली, ४८ समूहांत, आणि त्यातल्या बहुतेक ताऱ्यांना स्वतःचं नावच नाही. जागेचे आकडे दिलेत, पण ओळख आहे ती "उजव्या खांद्यावरचा", "शेपटीच्या टोकाचा", "डाव्या गुडघ्याजवळचा" अशी. म्हणजे आकृती हाच ताऱ्याचा पत्ता. आणि यादीची नक्कल करणाऱ्याच्या हातून एखादा आकडा चुकला तरी "उजवा खांदा" चुकत नाही. चित्र बिघडलं की मात्र पत्ता चुकतो.

बायर पेशाने वकील होता, ऑग्सबर्गमधला. त्याने प्रत्येक समूहातल्या ताऱ्यांना अल्फा, बीटा अशी ग्रीक अक्षरं दिली आणि तिथून पत्ता सांगायची दुसरी सोय झाली. ती अक्षरं आपण आजही वापरतो. चित्रांची गरज संपायला सुरुवात त्या पुस्तकापासून झाली असं मी म्हणेन, आणि त्याच पुस्तकातली अलेक्झांडर मेअरने ताम्रपटावर कोरलेली चित्रं इतकी देखणी आहेत की नंतर दोनशे वर्षं लोक तसलेच अ‍ॅटलास काढत राहिले.

१६ नोव्हेंबर

डाव्या-उजव्याचा गुंता. आजचा सगळा दिवस यातच.

हेवेलियसचे नकाशे आपण आकाशात बघतो तसे नाहीत, उलटे आहेत, आरशातल्यासारखे. कारण त्याने आकाशाचा गोल बाहेरून बघितल्यासारखा काढलाय, खगोलाची प्रतिकृती टेबलावर ठेवतात तशी. जर्मन चित्रकार ड्यूररनेही १५१५ मध्ये हेच केलं होतं (युरोपात छापलेले पहिले मोठे तारानकाशे ते हेच, लाकडी ठोकळ्यावरचे). बाहेरून बघितलं की माणसं पाठमोरी दिसणार, म्हणून ड्यूररचे सगळे वीर आपल्याकडे पाठ करून उभे आहेत, आणि हे अगदी बरोबर आहे.

मृगावर करून बघितलं (युरोपच्या नकाशांत मृग म्हणजे ओरायन हा शिकारी). टॉलेमी म्हणतो काक्षी हा उजव्या खांद्यावरचा तारा. आपण अंगणातून दक्षिणेकडे तोंड करून बघतो तेव्हा काक्षी डावीकडे असतो, म्हणजे तो शिकारी आपल्याकडे तोंड करून उभा असेल तरच तो त्याचा उजवा खांदा होतो. गोलावर बाहेरून बघितलं तर काक्षी उजवीकडे जातो आणि शिकारी पाठमोरा, तरी खांदा उजवाच. दोन्ही पद्धतींत पत्ता टिकतो. बायरने मात्र आकाश आतून बघितल्यासारखं काढलं आणि बहुतेक माणसं पाठमोरी ठेवली, झालं, उजवे खांदे डावे झाले. फ्लॅमस्टीडला याचा भयंकर राग होता. आपला अ‍ॅटलास काढायचं त्याचं एक मोठं कारण हेच की टॉलेमीच्या वर्णनाशी जुळणाऱ्या आकृत्या परत आणायच्या.

यावर सगळ्यात सरळ उपाय मला अल् सूफी या पर्शियन खगोलशास्त्रज्ञाचा वाटतो. दहाव्या शतकात, ९६४ च्या आसपास, त्याने स्थिर ताऱ्यांवर ग्रंथ लिहिला त्यात प्रत्येक समूहाचं चित्र दोनदा दिलंय, एकदा आकाशात दिसतं तसं आणि एकदा गोलावर दिसतं तसं. वाचणाऱ्याचा किती विचार केलाय! ड्यूररच्या उत्तरेकडच्या नकाशाच्या चार कोपऱ्यांत चार जाणकारांची चित्रं आहेत त्यात एक अल् सूफी आहे, ते उगाच नाही.

आपलं ठरलं. सगळी कार्डं अंगणातून दिसतं तशी. हेवेलियसची जी घेईन ती आडवी पलटवून, अक्षरं पुसून नव्याने लिहून.

२४ नोव्हेंबर

तांत्रिक नोंद. जुनी चित्रं आणि आजचे तारे जुळवायला क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) वापरतोय, गावाचा जुना नकाशा सॅटेलाइटवर बसवतात तसंच. चित्रातले ठळक तारे कंट्रोल पॉइंट धरायचे, ब्राइट स्टार कॅटलॉग या ठळक ताऱ्यांच्या आजच्या यादीतल्या जागा द्यायच्या आणि चित्र ताणून बसवायचं. परांचन गतीमुळे (पृथ्वीचा अक्ष सावकाश डोलतो ती) १८०१ पासून रेघांची जाळी तीनेक अंशांनी सरकली आहे, पण तारे एकमेकांच्या तुलनेत जवळपास तिथेच आहेत त्यामुळे आकृतीला धक्का लागत नाही, फक्त जुनी जाळी पुसायची. फ्लॅमस्टीडची पानं कडेला फार तिरकी होतात, ती नकोत. मुख्य आधार युरेनियाज मिरर आणि बोडे.

१ डिसेंबर

हरवलेल्यांची निवड झाली. हे लिहायला मोकळा वेळ हवा होता, आज मिळाला.

पहिलं कार्ड ओकच्या झाडाचं. इंग्लंडचा राजपुत्र चार्ल्स १६५१ मध्ये वूस्टरची लढाई हरल्यावर ओकच्या झाडात लपून वाचला आणि पुढे दुसरा चार्ल्स म्हणून गादीवर आला. तरुण खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली कॉलेज अर्धवट सोडून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजाने सेंट हेलेना बेटावर गेला, दक्षिणेचे ३४१ तारे मोजून परत आला, आणि नौका या जुन्या समूहातले काही तारे घेऊन त्याने आकाशात राजाचा ओक लावला. राजा खूश. हॅलीला परीक्षा न देता ऑक्सफर्डची पदवी मिळाली. पुढे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लाकाय केप ऑफ गुड होपला १७५१-५२ मध्ये जवळपास दहा हजार तारे मोजून आला, त्याने ते झाड उपटलं आणि तारे नौकेला परत दिले.

लाकायबद्दल मला आदर आहे. त्याने १४ नवे समूह केले पण एकाही राजाचं नाव घेतलं नाही, घड्याळ, सूक्ष्मदर्शी, भट्टी, होकायंत्र, हवेचा पंप, चित्रकाराची घोडी, अशी कामाची हत्यारं ठेवली. अपवाद एकच, टेबल माउंटन, ज्याच्या पायथ्याशी बसून त्याने काम केलं तो डोंगर. ते चौदाही आजच्या यादीत आहेत. राजांची बहुतेक चिन्हं गेली. पोलंडच्या राजाच्या नावाने पोचोबुत याने व्हिल्नियसहून १७७७ मध्ये 'पोनियातोव्स्कीचा बैल' ठेवला तो गेला, प्रशियाच्या फ्रेडरिकचा मानचिन्हांचा ढीग बोडेने ठेवला तो गेला. टिकली फक्त सोबिएस्कीची ढाल, तीही राजाचं नाव गळून नुसती ढाल म्हणून.

बैल मात्र संचात घेणार, राजासाठी नाही, ताऱ्यांसाठी. भुजंगधारीच्या खांद्याशी चारपाच ताऱ्यांचा छोटा इंग्रजी व्ही आहे, अगदी रोहिणीच्या व्हीचं पिल्लू. उन्हाळ्यात मुलांना दाखवला की लगेच सापडतो.

मांजर: फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लालांदला मांजरं फार आवडायची, म्हणून त्याने १७९९ मध्ये वासुकीच्या अंगाखाली एक मांजर बसवलं आणि बोडेने ते लगेच आपल्या अ‍ॅटलासात काढलं. युरेनियाज मिररमध्येही आहे. समूह गेला, पण २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघाने तिथल्या एका ताऱ्याला फेलिस हे नाव अधिकृतपणे दिलं, म्हणजे मांजर आत आलंच.

छापखाना: गुटेनबर्गच्या मानासाठी बोडेने व्याधाच्या पूर्वेला ठेवलेलं छपाईचं यंत्र. यंत्रावर छापलेल्या पानावर यंत्राचंच चित्र, याचा मला मनापासून आनंद होतो.

अँटिनोस: रोमन सम्राट हेड्रियनचा लाडका तरुण, १३० साली नाईलमध्ये बुडाला. टॉलेमीने गरुडाच्या आसपासचे तारे त्याच्या नावाने वेगळे नोंदलेत, पुढे सोळाव्या शतकात नकाशे बनवणाऱ्या व्होपेल आणि मर्केटर यांनी आपल्या आकाशगोलांवर तो काढला आणि शतकानुशतकं तो गरुडाच्या पंजांत लोंबकळत राहिला.

आणि सहावं भित्तीयंत्र. त्याबद्दल जानेवारीत.

८ डिसेंबर

हेवेलियसचं कोल्ह्याचं पान साफ करत होतो (कोल्ह्याच्या तोंडात हंस धरलाय, आज नकाशावर फक्त कोल्हा उरलाय) आणि मध्येच काम थांबवून ही नोंद.

हेवेलियस डान्झिगचा, म्हणजे आजचं ग्दान्स्क. दुर्बिणी असूनही ताऱ्यांच्या जागा तो नुसत्या डोळ्यांनी, पितळी यंत्रांवर मोजायचा. सोबत त्याची बायको एलिझाबेथ. १६७३ च्या त्याच्या पुस्तकात एक चित्र आहे, माणसाहून मोठं पितळी षडंशयंत्र, एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला ती, दोघं दोन तारे एकाच वेळी नजरेत धरून कोन मोजताहेत. हे काम एकट्याने होतच नाही. १६७९ मध्ये वेधशाळा जळाली, यंत्रं गेली, म्हाताऱ्याने परत उभारली आणि जळालेल्या षडंशयंत्राला आकाशात जागा दिली. १६८७ मध्ये तो गेला. अ‍ॅटलास आणि १५६४ ताऱ्यांची यादी पुरी करून १६९० मध्ये छापून आणली ती एलिझाबेथने.

फ्लॅमस्टीडचंही तेच. तो १७१९ मध्ये वारला, कामं अर्धी, आणि त्याची बायको मार्गारेट हिने दोन जुन्या सहकाऱ्यांना धरून १७२५ मध्ये यादी आणि १७२९ मध्ये अ‍ॅटलास बाहेर काढला. दोन मोठे अ‍ॅटलास, दोन्ही विधवांनी तडीस नेलेले. कार्डांच्या मागे चित्रकार आणि खगोलशास्त्रज्ञाचं नाव येणारच आहे, तिथे या दोघींची नावं त्याच आकाराच्या अक्षरात टाकायची. फाइलमध्ये आत्ताच टाकली.

१५ डिसेंबर

पुतणी नववीत आहे, तिने प्रूफ बघून विचारलं, "काका, शर्मिष्ठा खुर्चीत का बसलीय? महाभारतात कुठाय खुर्ची?" प्रश्न रास्त आहे. मराठीत आपण त्या ग्रीक कुटुंबावर ययातीचं कुटुंब बसवलंय, वृषपर्वा राजा, शर्मिष्ठा, देवयानी, ययाति. कार्डावर मात्र खुर्चीतली राणी आहे, साखळदंडात बांधलेली राजकन्या आहे, हातात राक्षसीचं मुंडकं घेतलेला वीर आहे.

तिला श्किलर दाखवला. युलिउस श्किलर या ऑग्सबर्गच्याच माणसाने १६२७ मध्ये अख्खं आकाश ख्रिस्ती करून टाकलं होतं, बारा राशींच्या जागी बारा प्रेषित, उत्तरेला नव्या करारातली माणसं, दक्षिणेला जुन्या करारातली, आर्गो नौकेच्या जागी नोहाची नौका. तारे मोजणी अव्वल दर्जाची, बायरनेच मदत केलेली. तरी लोकांनी स्वीकारलं नाही. पुतणी म्हणाली, मग दोन्ही गोष्टी लिहा की मागे, कुणाची खरी ते नका सांगू. तसंच करतोय. मागे वर ग्रीक कथा चार ओळींत, खाली ययातीची चार ओळींत.

२२ डिसेंबर

पहिली कार्डं छापून आली. ३०० जीएसएम कार्ड, आकार मुळासारखाच, साधारण २० बाय १४ सेंटिमीटर. प्रिंटवाले दादा म्हणाले लेझर कटिंगने भोकं पाडून देतो. एक नमुना करून घेतला, कडा तपकिरी जळतात आणि सगळी भोकं जास्तच गोल गुळगुळीत. हाताने टोचलेल्या भोकातून प्रकाश जरा फाटल्यासारखा येतो आणि तो ताऱ्यासारखा दिसतो. म्हणून हातानेच.

पद्धत लिहून ठेवतो, कुणाला करायचं असेल तर. खाली जुनी चप्पल किंवा जाड रबर. पहिल्या प्रतीच्या (म्हणजे सगळ्यात तेजस्वी) ताऱ्यांना पोती शिवायचं दाभण, पार जाड भागापर्यंत दाबायचं. दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीला गोधडीची सुई. त्याखालच्यांना टाचणी, नुसतं टोक. चित्राच्या बाजूने टोचायचं म्हणजे उचललेली कड मागे जाते, मग मागून बारीक पॉलिशपेपर एकदाच फिरवायचा. शेवटी मागे एक थर घोटीव कागद, नाहीतर दिवा थेट डोळ्यात येतो. व्याधासाठी दाभण दोनदा.

सारथीच्या कार्डावर ब्रह्महृदयाचं भोक बरोब्बर त्या बापड्याच्या खांद्यावरच्या बकरीत पडतं. हातात दाभण धरून हे करताना टॉलेमीची यादी जितकी समजली तितकी वाचून समजली नव्हती.

४ जानेवारी २०२५

पहाटे डोंगरावर. अमावस्या होऊन चारपाच दिवस झालेले, चंद्र संध्याकाळीच मावळलेला, आभाळ स्वच्छ. चतुर्थकी (क्वाड्रंटिड) उल्कावर्षाव बघायला गेलो होतो, भित्तीयंत्राच्या कार्डासाठी.

लालांद आणि त्याचा पुतण्या पॅरिसच्या लष्करी शाळेत भिंतीला पक्कं बसवलेल्या पाव वर्तुळाच्या यंत्राने तारे मोजायचे (जयपूरच्या जंतरमंतरमधलं दक्षिणोत्तर भित्ती यंत्र याच जातीचं), त्या यंत्राला त्याने 'क्वाड्रन्स म्युरालिस' (भित्तीयंत्र) या नावाने १७९५ मध्ये भूतप आणि कालेय यांच्या मधली जागा दिली. समूह पुढे रद्द झाला, पण त्याआधी तिथून दरवर्षी येणाऱ्या उल्कांना त्याचं नाव चिकटलं होतं, ते राहिलं. आकाशात नसलेल्या यंत्रातून दर जानेवारीत उल्का पडतात. साडेचारनंतर ईशान्येकडून चांगल्या लांब, निळसर रेघा गेल्या, एक तर थेट सप्तर्षीच्या शेपटीतून.

आणि त्याच वेळी मागे वळलं की दक्षिणेला, डोंगराच्या कडेवर, त्रिशंकूचा क्रॉस उभा. आपल्याकडून तो क्षितिजापासून जेमतेम हातभर वर येतो. त्याचं एक जुनं रेखाटन आंद्रेया कोर्साली या फ्लोरेन्सच्या माणसाचं आहे, तो पोर्तुगीज जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून कोचीनला आला आणि तिथून त्याने फ्लोरेन्सच्या सत्ताधारी घराण्यातल्या मेदिचीला पत्र लिहिलं, ते १५१६ मध्ये फ्लोरेन्सला छापलं गेलं. त्यात दक्षिणेच्या ताऱ्यांचं चित्र आहे, क्रॉससकट. त्याच पत्रात तो म्हणतो की गुजराती लोक रक्त असलेलं काही खात नाहीत, आपल्या लिओनार्दो दा विंचीसारखे. आपल्या किनाऱ्यावरून गेलेल्या पत्राने युरोपला तो क्रॉस दाखवला, हे मला त्या थंडीत फार भारी वाटलं. त्रिशंकू संचात नव्हता. तेरावं कार्ड करतोय, कोर्सालीच्या रेखाटनावरून.

१२ जानेवारी

मुलं विचारणार की काढून कुणी टाकलं, म्हणून माहितीचं पान लिहिलं. १९२२ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघाने ८८ समूहांची यादी पक्की केली आणि १९३० मध्ये बेल्जियमच्या देल्पोर्तने त्यांच्या सीमा छापल्या, सगळ्या सरळ रेघा, १८७५ च्या जाळीवर आखलेल्या. त्यानंतर समूह म्हणजे चित्र नाही, तो आकाशाचा सातबारा झाला. काम त्याने सोपं झालं यात वाद नाही, एखादा नवा तारा फुटला तर तो कुणाच्या हद्दीत हे लगेच सांगता येतं. पण बोडेच्या पानावर जसं एकाच्या अंगावर दुसरा येतो, अँटिनोस गरुडाच्या पंजात असूनही स्वतःचा असतो, तशी जागा त्या रेघांत राहिली नाही. माझ्या कार्डांवर म्हणून सीमा काढलेल्या नाहीत.

२६ जानेवारी

काल रात्री शाळेच्या मैदानावर पहिला वापर. सरांनी मैदानातले दिवे बंद करून घेतले. आधी वर्गात टॉर्चसमोर कार्डं, मग बाहेर.

मृगाच्या कार्डावर गंमत झाली. कार्डावर तो सोटा उगारलेला शिकारी आहे, आणि आपल्याकडे तेच चार तारे हरणाचे पाय, मधले तीन म्हणजे बाण, आणि शिकारी तिकडे लांब व्याध. एक मुलगा म्हणाला आमची आजी तर हरीणच सांगते. मग त्याच भोकांवर त्याला कार्ड पलटून पेन्सिलीने हरीण काढायला सांगितलं आणि त्याने छान काढलं, भोकं तशीच, पाय बरोबर कोपऱ्यांवर. उलटं येणार हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा अल् सूफीची दोन चित्रं आपोआप समजावून झाली.

वृषभाच्या कार्डावर दोन मुली आल्या, "सर, इथे एक भोक राहिलंय." रोहिणीच्या जरा वर मोठा ठिपका, सध्या तिथे गुरू आहे. ग्रहाला भोक का नसतं हे त्यांनीच एकमेकींना समजावलं.

छापखाना व्याधाशेजारी शोधायला लावला. तारे मंद, तरी चारपाच जणांना सापडला.

बदल करायचे ते असे: घोटीव कागद पिवळट नको, पांढराच. टाचणीची भोकं लहान मुलांना दिसत नाहीत, चौथ्या प्रतीपर्यंत सुईच वापरायची. मागच्या अक्षरांचा आकार दोन पॉइंट वाढवायचा, दोघींच्या नावांसकट. हरणासाठी मृगाच्या कार्डाची मागची बाजू कोरीच ठेवायची, माहिती वेगळ्या चिठ्ठीवर. ओक, मांजर आणि त्रिशंकूची प्रूफं पुढच्या शनिवारी येताहेत, ती तपासून झाली की तेराही कार्डांच्या फाइल्स टोचायच्या खुणांसकट सगळ्यांसाठी खुल्या ठेवतो.